ताटांची साक्ष

"हे बघा आता. हे ताट बोलतं की नाही?"

मावशीने स्टीलचं ताट थेट मॅडमच्या नाकासमोर धरलं. ताटात कोंबडीच्या तंगडीचं एक हाड होतं, धुऊन ठेवल्यासारखं पांढरं.

"क्रेनवाल्या आजोबांचं ताट. मांसाचा एक कण सापडला तर माझं नाव बदला."

मॅडम एक पाऊल मागे सरकल्या. त्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक. स्वयंपाकघरामागच्या या ओल्या खोलीत, जिथे उष्टी ताटं धुतली जातात, त्या सहसा फिरकत नसत, आणि फिरकल्याच तर दारातूनच काय ते बोलून निघून जात. आज मात्र स्वतःहून आत आल्या होत्या आणि आवाजात साखर होती.

"आणि त्यांच्या मिसेसचं? आजींचं?"

"ते हे." मावशीने ट्रॉलीतून दुसरं ताट ओढलं. "यात पास्ता होता. अंथरुणावरच्या सगळ्यांना पास्ताच असतो. बघा, चमच्याने कसा निपटून काढलाय. अशी ताटं आली की माझं अर्धं काम वाचतं."

"म्हणजे आजोबा रोज चिकन पूर्ण खातात आणि आजी रोज पास्ता पूर्ण खातात. नक्की ना?"

"मॅडम, माणसं खोटं बोलतात. ताटं नाही बोलत."

मॅडमनी समाधानाने मान हलवली आणि त्या गेल्या. पलीकडे पातेलं घासत बसलेला आचारी इतका वेळ मूग गिळून होता. आता त्याने तोंड उघडलं.

"एवढं गोड बोलून गेल्या, काहीतरी शिजतंय मावशी."

"तुला कुणी काही विचारलं नाही म्हणून जळतोयस."

"मला विचारतात की. 'मीठ जास्त का?' एवढंच."

मावशी हसली. आज तिला हसायला कारण होतं. इतकी वर्षं ती या खोलीत ताटं धूत आली, नळाच्या गार पाण्याने बोटांची पेरं कायमची सुरकुतली, आणि आज पहिल्यांदा ऑफिसातून कुणी येऊन तिला काही विचारलं होतं. खरं तर विचारण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. ट्रॉलीत प्रत्येकाच्या ताटाचा कप्पा ठरलेला होता, आणि परत आलेलं ताट बघून कोण जेवलं, कोण नुसतं चिवडत बसलं, कुणाचा दात दुखतोय, कुणाला मुलाचा फोन आला नाही, हे ती सांगायची. सिस्टर आधी तिची टिंगल करायच्या. मग एकदा तिने "खिडकीजवळच्या आजींनी तीन दिवस घास गिळलेला नाही, नुसता पसरून ठेवतात" असं सांगितलं आणि ते खरं निघालं, तेव्हापासून त्याच सिस्टर जाताजाता डोकावून "काय म्हणतात ताटं?" असं विचारू लागल्या. घरी मात्र सून हात जोडायची. म्हणायची, "आई, इथं तरी आमच्या ताटात बघू नका हो."

सगळ्या ताटांत तिचं आवडतं ताट क्रेनवाल्या आजोबांचं. आजोबांनी उभं आयुष्य बंदरावर क्रेन चालवली होती. तिथे यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून सगळं हातांनीच बोलायचं. ती सवय इथेही सुटली नव्हती. चहा हवा असला की अंगठा वर, म्हणजे 'उचल'. दुसऱ्या कुणाची व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तळहात खाली करून 'हळू, हळू', आणि दोन्ही हात आडवे पसरले की 'थांब'. मावशीची ट्रॉली हॉलमधून जाताना ते रोज अंगठा वर करायचे आणि ट्रॉली उचलल्यासारखं करून मावशी ती ढकलायची. एवढीच काय ती त्यांची ओळख, पण पक्की.

आजोबा पायाने हिंडतेफिरते, म्हणून हॉलमध्ये जेवायचे आणि त्यांना चिकन मिळायचं. आजी कमरेच्या ऑपरेशनपासून अंथरुणाला खिळलेल्या, त्या बायकांच्या खोलीत. पडून पडून त्यांच्या पाठीला जखम झाली होती आणि महिनोन्‌महिने ती भरत नव्हती. अंथरुणावरच्या लोकांना हाड अडकेल म्हणून चिकन द्यायचं नाही, मऊ उकडलेला पास्ता द्यायचा, असा इथला नियम होता. नियमात कोंबडीचं हाड काढून मांसाचे धागे करायला मनाई नव्हती. पण धागे करायला माणसाचे हात लागतात. पास्ता पाण्यात टाकला की त्याचा तोच शिजतो. मावशीने एकदा विचारलंही होतं, "मी देते ना करून, बसल्या बसल्या." तेव्हा याच मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमचं काम भांडी."

मॅडम ताटांचं विचारून गेल्या त्याच आठवड्यात हॉलच्या भिंतीवर एक मोठा रंगीत तक्ता लागला. डावीकडे चिकनचं चित्र, उजवीकडे पास्त्याचं. मध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं, की दोन्ही सारख्या वजनाचे घेतले तर उष्मांक जवळजवळ सारखेच. त्याच्या खाली दोन फोटो. चिकनखाली क्रेनवाले आजोबा, बनियनवर वजनकाट्यावर उभे केलेले. हात काटक्यांसारखे, गळ्याची हाडं वर आलेली. 'रोज चिकन. तरी वजनात मोठी घट.' पास्त्याखाली आजी, उशीला टेकून हसणाऱ्या. 'रोज पास्ता. जखम भरत आली.' आणि तळाशी, विश्वस्तांच्या मंजुरीनंतर चिकन बंद करून सर्वांना पौष्टिक पास्ता देण्यात येईल.

मावशी हातातली बादली तशीच धरून तक्ता वाचत उभी राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका म्हाताऱ्या माणसाला काट्यावर चढवून त्याच्या बरगड्या अशा भिंतीवर टांगायच्या? येणारा जाणारा बघतोय, मुलं भेटायला येतात ती बघतायत. आणि कुणाच्या शब्दावर टांगल्या? तर हिच्या. ताटं खोटं बोलत नाहीत म्हणाली होती ना ही.

दुपारी आहाराचं बघणारी मुलगी आली. आठवड्यातून एकदा यायची, सगळ्यांचं खाणंपिणं तपासून जायची. ती तावातावाने स्वयंपाकघरात शिरली.

"मी पाच ओळी लिहून दिल्या होत्या, मावशी! चिकनचा खर्च वाचावा म्हणून मॅडमनी पहिली तेवढी ठेवली आणि बाकीच्या उडवल्या."

"म्हणजे ते लिहिलंय ते खोटं?"

"खोटं असतं तर बरं झालं असतं, फाडून टाकता आलं असतं. खरंच आहे ते, पण अर्धंच." ती ओट्याला टेकली. "उष्मांक म्हणजे जळण समजा. जळण दोन्हीकडे सारखं. पण घराची भिंत पडली तर ती जळणाने उभी राहते का? विटा लागतात. चिकनमध्ये त्या पास्त्याच्या पाचपट असतात. पास्ता वाईट नाही हो, मीही खाते. पण नुसत्या पास्त्यावर पाठीची जखम भरत नाही."

"मग आजींची कशी भरली?"

"तेच तर मला कळत नाहीये. मी मॅडमना म्हटलं, असं होणं शक्य नाही. त्या म्हणाल्या, मावशींना विचारा, ताटं त्या बघतात." तिने मावशीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, पण मावशीला तो असता तर परवडला असता.

जेवणं झाली. ट्रॉली आली. मावशीने आजोबांच्या ताटातलं हाड उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. रोज ज्याचं कौतुक करायची ते हाड आज तिने पहिल्यांदा नीट पाहिलं. दातांनी खाल्लेलं हाड ओरबाडल्यासारखं दिसतं, त्याची टोकं चावून चावून भुसभुशीत झालेली असतात. या हाडावर दात लागलाच नव्हता. मांस बोटांनी सोलून काढलं होतं, कूर्चासुद्धा नखाने. आणि दात लागणार कुठून? आजोबांची कवळी मोडली त्याला किती दिवस झाले, नवी कधी येणार म्हणून ते स्वतःच सगळ्यांना विचारत हिंडत होते.

मग तिने आजींचं ताट घेतलं. आजींचा उजवा हात थरथरतो. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्या ताटाच्या काठावर, बाहेर, अगदी खालच्या बाजूलाही अन्न लागलेलं असतं. या ताटाचा काठ कोरडा होता. दोन्ही ताटं एकाच हाताने साफ केलेली होती.

मावशीने हात पुसले आणि रिकामे पेले आणायचं निमित्त करून ती बायकांच्या खोलीकडे निघाली.

दार अर्धं लोटलेलं होतं. आजी कुशीवर होत्या. आजोबा स्टुलावर बसून एका छोट्या डबीतून मांसाचे बारीक धागे काढून त्यांना भरवत होते. नजर अंधुक झालेल्या आजी आवाजाच्या दिशेने तोंड उघडत होत्या.

"अहो, आज पास्त्यात चिकन जास्त घातलंय का?"

"आचारी खुशीत असेल."

"आणि तुम्ही? जेवलात ना नीट?"

"हॉलमध्ये भरपेट जेवून आलोय. तंगडी होती. ढेकर देऊन दाखवू का?"

"शी! काहीतरीच."

आजी हसल्या. त्यांचा शेवटचा घास झाल्यावर आजोबांनी त्यांचं तोंड पुसलं. मग उशाशी आणून ठेवलेला दुसरा डबा त्यांनी मांडीवर घेतला. आजींच्या ताटातून आधीच काढून ठेवलेला तो पास्ता एव्हाना गार होऊन गोळा झाला होता. बिनदाताच्या तोंडाने, आवाज न करता, ते तो खाऊ लागले. खाता खाता त्यांचं लक्ष दाराकडे गेलं आणि त्यांनी चटकन दोन्ही हात आडवे पसरले. थांब.

बाहेर व्हरांड्यात मावशीने त्यांना गाठलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"तिची पाठ उघडली तेव्हापासून. त्या आहारवाल्या मुलीनेच सांगितलं होतं, हिला चिकन, अंडी असलं काही द्या. मी ऑफिसात जाऊन विचारलं. मॅडम म्हणाल्या, नियम आहे."

"मला बोलायचंत! मी लपूनछपून धागे करून दिले असते."

"आणि तुमची नोकरी गेली असती."

"अहो पण हाडं? मी मेली जगाला सांगत सुटले, आजोबा जेवतात, आजोबा जेवतात. तुम्ही दिसत होतात वाळलेले, सिस्टर म्हणायच्या वजन करू या, मीच म्हणायचे काही नको, ताट बघा त्यांचं!"

आजोबा ओशाळले. "तुम्ही ताटं बघता हे मला ठाऊक होतं. म्हणून तर हाडं नीट साफ करून ठेवायचो. म्हटलं, मावशींच्या जिवाला घोर नको."

 मावशीला या माणसाचा राग आला, मॅडमचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. ज्या ताटांच्या जोरावर ती इतकी वर्षं तोऱ्यात वावरली, ती ताटं हा माणूस तिच्यासाठी सजवून पाठवत होता.

"आजोबा, चिकन बंद होतंय. तुमच्या त्या फोटोमुळे. मग आजींना काय भरवाल?"

"बघू. पण तिला यातलं कळू द्यायचं नाही. माझ्या तोंडचं खातेय हे कळलं ना, तर ती तोंड मिटेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ओळखतो तिला." त्यांनी तळहात खाली करून हलवला. हळू, हळू.

विश्वस्त आले त्या दिवशी हॉलमध्ये नवे पडदे लागले होते. आजींना प्रथमच व्हीलचेअरवर बसवून तिथे आणलं होतं, केस विंचरून, अंगावर चांगली शाल घालून. शेजारी आजोबांना बसवलं होतं. सामान दाखवायला मांडावं तशी ती दोघं तक्त्याखाली मांडली होती. आहाराची मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती, तिला बोलायला सांगितलेलं नव्हतं. मावशी चहाचे कप घेऊन आली तेव्हा मॅडम हातातल्या काडीने फोटो दाखवत होत्या.

"नवरा-बायको एकाच घरातले, एकाच वयाचे. हे चिकनवर, या पास्त्यावर. फरक तुम्ही डोळ्यांनी बघताच आहात. आणि हे आम्ही हवेत बोलत नाही. रोजची ताटं बघणारी आमची बाई इथेच आहे. मावशी, सांगा. आजोबांच्या ताटातलं चिकन संपतं ना?"

"संपतं."

"आणि आजींचा पास्ता?"

"तोही संपतो."

मॅडम विश्वस्तांकडे बघून हसल्या. मावशीने ट्रे टेबलावर ठेवला. तिला समोर आजोबा दिसले. त्यांनी काटकीसारखे दोन्ही हात आडवे पसरले होते, पूर्ण ताणून. त्यांचं म्हणणं तिला स्वच्छ कळलं. पण गप्प बसलं तर उद्यापासून या घरातल्या एकाही म्हाताऱ्याच्या ताटात चिकन पडणार नव्हतं, आणि आजींची पाठ पुन्हा उघडणार होती.

"संपतं सगळं," मावशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पण चिकन आजी खातात. पास्ता आजोबा खातात. रोज. आपल्या तोंडचं काढून ते बायकोला भरवतात, कारण तुमच्या नियमात तिला द्यायला चिकन बसत नाही. मॅडम, तक्ता बरोबर आहे तुमचा. फक्त फोटोंची अदलाबदल करा."

 आजोबांचे हात हळूहळू खाली आले.

"अहो," आजी म्हणाल्या. अंधुक डोळ्यांनी त्या शेजारी चाचपत होत्या. त्यांचा हात आजोबांच्या दंडाला लागला, दंडावरून खांद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. "तंगडी होती म्हणालात ना?"

आजोबांनी खांद्यावरचा तो हात धरला.

"ढेकर देत होतात मेले," आजी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

विश्वस्तांतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ खाकरले. त्यांनी आहाराच्या मुलीला पुढे बोलावलं, आणि मॅडमनी उडवलेल्या चार ओळी तिने तोंडपाठ सांगितल्या. चिकन चालू राहील, असं ठरलं. अंथरुणावरच्यांनाही धागे करून मिळेल. मावशीला वाटलं, चला, कुठेतरी देव आहे. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या,

"पण सर, याचा अर्थ इथे रुग्णांना परस्पर भरवलं जात होतं. उद्या काही घशात अडकलं तर जबाबदारी कुणाची?"

विश्वस्तांनी एकमेकांकडे पाहिलं. जबाबदारी हा शब्द निघाला की अशी माणसं फार लवकर एकमत होतात. ज्याने त्याने आपलंच ताट जेवायचं, अन्नाची देवाणघेवाण बंद, आणि जेवणाच्या वेळी कुणी कुणाच्या खोलीत जायचं नाही. ठराव मंजूर.

"वा!" मावशी म्हणाली. "चूक तुमची, आणि शिक्षा यांना?"

"मावशी, कप वाटून झाले असतील तर जा."

त्या तक्त्यावरचे फोटो कुणी बदलले नाहीत. तक्ताच काढून टाकला, चिकटवलेल्या जागी भिंतीचा रंग तेवढा निघाला.

नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी धागे मावशीनेच केले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नकोही म्हटलं नाही. आचाऱ्याने शेजारी बसून हाडं वेगळी करून दिली. आजींच्या ताटात तिने चांगला भरगच्च वाटा घातला, आजोबांसाठीही मऊ तुकडा निवडला. ट्रॉली हॉलमधून नेताना तिने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. अंगठा वर झाला नाही.

जेवणं आटोपली. ताटं परत आली. जाताजाता सिस्टर दारात थांबल्या.

"काय म्हणतात ताटं? जेवली का दोघं?"

मावशीने आजोबांचं ताट काढलं. तुकड्याची एक बाजू खाल्लेली होती. दुसऱ्या बाजूचं मांस बोटांनी सोलून, बारीक धागे करून, ताटाच्या कडेला रचून ठेवलं होतं. मग तिने आजींचं ताट काढलं. काठाला सगळीकडे अन्न लागलेलं होतं, थरथरत्या हाताने लागतं तसं. धागे अर्धेच संपले होते. उरलेले अर्धे कडेला सारून त्यांवर पावाचा तुकडा झाकण घातल्यासारखा ठेवला होता, कुणी मागाहून येऊन खाईल तोवर गार होऊ नयेत म्हणून.

"अर्धं अर्धं," मावशी म्हणाली.

"म्हणजे भूक नव्हती?"

मावशीने दोन्ही ताटं शेजारी शेजारी ठेवली. सिस्टर निघून गेल्या. उष्टं सगळं बादलीत जायचं, हा तर सगळ्यात जुना नियम. मावशीने पावाचा तुकडा उचलला, आजोबांच्या ताटातले धागे आजींच्या ताटात सारले आणि त्यांवर तो पाव पुन्हा नीट झाकला. मग ते ताट दोन्ही हातांत धरून ती बादलीजवळ उभी राहिली. मागे नळ चालूच होता.